आखाजीपर्यंत संपवायचे गेम

सोमवार, ७ एप्रिल, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी लिहिलेली असते म्हणून.

या महिन्यात पाच नवे गेम रिलीज होतायत. हॉरर, शेती, रेसिंग, कुकिंग, युद्ध. पाचही जॉनर कव्हर करणारा डिंडोलीतला पहिला रिव्ह्यूअर: योगराज. कदाचित अख्ख्या सुरतेतला. चेक केलेलं नाही, पण दुसरा कोण असणार?

चॅनलला एकसष्ट सबस्क्रायबर. त्यातले काही नातेवाईक आहेत, पण नातेवाईक काय ऑडियन्स नसतात? वडिलांच्या, म्हणजे बापूंच्या, फोनवरून मीच सबस्क्राइब केलंय. त्यांना माहीत नाही. ते खूश होतील.

काल रात्री मी जेवताना बायकोने, गायत्रीने, विचारलं, कामाचं काय. म्हटलं, हेच काम आहे. तिने साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायला उठलो.

मंगळवार, ८ एप्रिल

बापू आज उधन्याहून बातमी घेऊन आले. त्यांच्या लूमच्या शेजारी एका शेठचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे. तिथे कॉम्प्युटरवर साडीची डिझाइन काढायला माणूस पाहिजे. शिकवून घेतात. शेठ आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जागा अडवून ठेवणार, तेही बापूंच्या शब्दाखातर.

मी म्हटलं, विचार करतो. बापू म्हणाले, त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

त्यांना क्रिएटर लोकांचं मन कळत नाही. आणि एम्ब्रॉयडरीचा माझा अनुभव वाईट आहे. दिवाळीआधी दुसऱ्या एका कारखान्यात मशीनवर होतो तेव्हा धागा तुटला, मी मोबाइलवर एक ट्रेलर बघत होतो, आणि मशीनने अख्ख्या लॉटवर बिनधाग्याचे मोर काढले. नुसती भोकं. तिथल्या शेठने मला काढलं असं लोक म्हणतात. मी तेव्हा सोडायच्याच विचारात होतो.

गुरुवार, १० एप्रिल

हॉरर गेम खेळलो. 'हॉलो बंगलो ३'. जगभरचे रिव्ह्यूअर म्हणतात, यातली शांतता अंगावर येते.

आमच्या भिंतीपलीकडे लूम चालतात. खटॅक खटॅक, दिवसभर. या घरात झोप येते ती त्या आवाजावर. गेममध्ये पहिल्यांदा सगळा आवाज बंद झाला तेव्हा मी घाबरलो नाही. लाइट गेली असं वाटून उठून मीटर बघून आलो. तेवढ्यात भुताने मला खाल्लं होतं.

रिव्ह्यूमध्ये बोललो: भीती कमी, इलेक्ट्रिकचा प्रॉब्लेम जास्त. दहापैकी चार. रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागतो, माइकमध्ये घुरघुर येते. घामाने शर्ट पिळून निघाला. कलेसाठी एवढं कोण करतं?

पुढच्या लेव्हल मी खेळलो नाही. कॉम्प्युटर गरम होऊन बंद पडतो. एका दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या व्हिडिओत बघून घेतल्या. याला रिसर्च म्हणतात.

रविवार, १३ एप्रिल

गायत्रीचा भाऊ राहुल मुराळी म्हणून आला. आखाजीला बहिणीला माहेरी घेऊन जायला. आमच्या खानदेशातल्या बायकांना आखाजी म्हटलं की पाय जमिनीवर ठरत नाहीत. झोके, गौराई, आंब्याचा रस. जाऊ द्या बापडी.

निघताना तिने मला गॅलरीत बोलावलं. म्हणाली, आखाजीला मला आणायला या. पण कामाला लागलेले असाल तरच मी तुमच्यासोबत गाडीत बसेन. नाहीतर नाही बसणार. शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

माय बाजूलाच उभी होती. तिने सुनेची बाजू घेऊन मान हलवली. माझी माय!

ठरलं: रिव्ह्यू उरकायचे, शेठला हो म्हणायचं, गायत्रीला आणायचं. या क्रमाने. भरपूर वेळ आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

शेतीचा गेम. 'टर्निप टाऊन'. शेतात सलगम लावायचे, ते बघता बघता उगवतात. गावात एक बेकरीवाली आहे, मार्था. तिला रोज एक फूल दिलं की तिच्या मनात आपलं स्थान वाढतं. पुरेसं वाढलं की लग्न.

फालतू गेम आहे. पोरकट. फक्त रिव्ह्यूसाठी खेळतोय.

मार्थाला पिवळी फुलं आवडतात.

शनिवार, १९ एप्रिल

मार्थाशी लग्न झालं! गावातले सगळे आले होते, एक गाढवसुद्धा. रिव्ह्यू: भावनिकदृष्ट्या परिपूर्ण. दहापैकी नऊ.

जेवताना मायने विचारलं, गायत्रीला फोन केला का. म्हटलं, वेळ कुठे मिळतो? माय म्हणाली, या घरात रिकामा तू एकटाच शे. मायचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

संध्याकाळी फोन केला. गायत्रीने विचारलं, शेठकडे गेलात का. म्हटलं, या आठवड्यात जातोच. तिने विचारलं, जेवलात का. म्हटलं, हो, मार्थाने केक केला होता. मग ती मार्था कोण, हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. नीट समजावता आलं नाही. तिने फोन ठेवला.

अशा वेळी आपण आपलं काम करत राहायचं.

बुधवार, २३ एप्रिल

रेसिंग: 'नायट्रो सिटी'. खरं तर ही गाडी विमानासारखी पळते म्हणे. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र ती थांबत थांबत, धक्के खात चालते. मागून एक म्हातारा चालत आला आणि पुढे निघून गेला. मी रिव्ह्यूमध्ये म्हटलं, ट्रॅफिक एकदम रियलिस्टिक, उधन्याच्या पुलावर असल्यासारखं वाटतं.

खाली कॉमेंट आली, भाई पहले कंप्यूटर बदल. ब्लॉक केलं. आता साठ. तो आमच्या मावशीचा मुलगा निघाला.

कुकिंग गेमही उरकला. 'वोक मास्टर'. त्यात नऊ टेबलांना एकट्याने नूडल्स वाढले. मायने सांगून ठेवलं होतं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी हेडफोन लावले होते. खिचडीचा कोळसा. बापूंनी न बोलता शेव-चिवडा खाल्ला आणि शिफ्टला गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवार, २७ एप्रिल

पाचवा. 'साम्राज्य: ओरिजिन्स'. अर्धा युरोप घेतला. सकाळचं नळाचं पाणी भरायचं राहिलं. माय शेजारी हंडे घेऊन गेली, तोंडाने माझा उद्धार करत. सम्राटांना हे सगळ्या काळात सहन करावं लागलंय.

बापूंनी विचारलं, शेठला काय सांगू. म्हटलं, आखाजीहून आलो की स्वतः भेटतो. बापू म्हणाले, शेठ आखाजी'पर्यंत' म्हणालाय. म्हटलं, मोठी माणसं एक-दोन दिवस इकडेतिकडे धरत नाहीत.

गायत्रीला सांगायचं ठरवलंय: बोलणी चालू आहेत. खोटं कुठे आहे? बापू बोलतायत, शेठ बोलतोय.

मंगळवार, २९ एप्रिल

उधन्याहून गाडीत बसलो. सगळी सुरत गावाला निघालीय, पाय ठेवायला जागा नाही. अमळनेरला उतरून काळीपिवळीने सासुरवाडी. माइक आणि हेडफोन सोबत घेतलेत. इथून लाइव्ह करता येईल.

गायत्री अंगणातच दिसली. हिरव्या बांगड्या, हातावर मेंदी, झोक्यावर उभी राहून गाणं म्हणत होती. मला बघून हसली. मग लगेच विचारलं, लागलात का कामाला?

म्हटलं, बोलणी चालू आहेत.

हसू गेलं. ती झोक्यावरून उतरली आणि पाणी आणायला आत गेली. पाणी सासूबाईंनी आणून दिलं.

बुधवार, ३० एप्रिल, आखाजी

पुरणपोळी, आमरस, कुरडई. डोळे जड झाले होते. तेवढ्यात राहुल म्हणाला, जवाईबोवा, निंबाखाली चला. आखाजीला आमच्याकडे बाप्ये पत्ते खेळतात. पोलीससुद्धा त्या दिवशी रस्ता बदलून जातात असं इथले लोक म्हणतात.

मी आधी नको म्हटलं. मग लक्षात आलं, हा तर सहावा जॉनर! कार्ड गेम. याचा रिव्ह्यू कोणीच केलेला नाही.

प्राथमिक निरीक्षणं: ग्राफिक्स साधे. लोडिंग टाइम शून्य. मल्टिप्लेअर उत्तम. हँग होत नाही. खेळणारे तोंडावरून काही कळू देत नाहीत, एआय पुष्कळ पुढारलेला.

हेडफोन राहुलकडे गेले. तात्पुरते.

गुरुवार, १ मे, सकाळ

गायत्रीने दुपारच्या गाडीची पिशवी भरून ठेवलीय. म्हणाली, बसा, बोलायचंय. म्हटलं, हेडफोन सोडवून येतो, एकच डाव.

गुरुवार, १ मे, संध्याकाळ

माइकपण गेला. पण खेळ आता कळायला लागलाय. मध्ये एकदा गायत्री निंबाखाली आली होती. काहीतरी विचारत होती. माझ्या हातात चांगली पानं होती, मी हो हो म्हटलं. मग ती गेली.

घरी आलो तर सासूबाई एकट्याच ओट्यावर. गायत्री कुठे, विचारलं. म्हणाल्या, सुरतेला गेली. तुम्हाला विचारायला आली होती ना, मी एकटी जाऊ का म्हणून. तुम्ही हो म्हणालात. राहुलने डाव सोडून स्टेशनवर पोचवली.

राहुल उठला तेव्हा मला वाटलं होतं, तो हरायला घाबरला.

शुक्रवार, २ मे

शांत डोक्याने विचार केला. मी कशासाठी आलो होतो? गायत्री सुरतेला परत यावी म्हणून. गायत्री सुरतेला परत गेली. म्हणजे मिशन सक्सेसफुल! आणि कामाची अट न पाळता! काही लोकांना घर चालवायची कला उपजत असते.

आज हेडफोन जिंकून परतीचा बेत. राहुल ते कानात घालून ट्रॅक्टर चालवतोय.

सोमवार, ५ मे

फोन लावला. मायने उचलला. गायत्रीला दे म्हटलं. माय म्हणाली, ती कामावर गयी शे.

कोणत्या कामावर?

शेठच्या. कॉम्प्युटरवाल्या. बापू आखाजीच्या संध्याकाळी शेठकडे माझ्यासाठी हात जोडायला गेले होते, शेठ म्हणाला, अजून एकच दिवस. तेव्हा गायत्रीचा फोन आला, की मी येते, मला शिकवतील का विचारा. शेठ म्हणाला, चालशे. तिच्या टिकल्यांचं काम त्याने आधी बघितलंय म्हणे, हात सफाईदार आहे.

काल संध्याकाळी तिने माझा कॉम्प्युटरपण साफ केला. घरी सराव करायला जागा पाहिजे. मार्था, सलगम, अर्धा युरोप, सगळं डिलीट. तिथे आता मोर आहेत, धाग्यासकट.

मी म्हटलं, मी उद्याच्या गाडीने येतो. रात्री गायत्रीने स्वतः फोन केला. आवाज चढवला नाही. म्हणाली, येऊ नका. मीच येईन तुम्हाला न्यायला. पण कामाला लागलेले असाल तरच.

मंगळवार, ६ मे

म्हटलं, बघू किती दिवस तग धरते. माझ्याशिवाय तिला करमणार नाही.

सासरे काशिनाथराव यांची पिठाची चक्की आहे. म्हणाले, बसून आहात तर डबे लावून ठेवत जा. पाहुण्याने मदत करावी, यात कमीपणा नाही. चक्कीचा व्हिडिओ करायला गेलो. फोनच्या कॅमेऱ्यात पीठ गेलं. आता सगळं धुक्यात दिसतं.

आवाज मात्र चांगला आहे चक्कीचा. घरच्यासारखा. दुपारी पोत्यावर झोप लागली आणि पाच बायकांची ज्वारी आणि बाजरी एक झाली. बायकांनी मला पिठासकट उद्धरलं. सासरे म्हणाले, याला काम म्हणत नाहीत.

शुक्रवार, ९ मे

आज डबे नीट लावले. कोणाचाच डबा हरवला नाही. गायत्रीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं. एवढंच.

मागून मशीनचा आवाज येत होता, आणि माझा बाप कोणालातरी सांगत होता, आमची सून आहे, कॉम्प्युटरवर असते. बापू माझ्याबद्दल असं कधी बोलले नाहीत. मीही तशी वेळ आणली नाही, हे खरं.

खूप आठवण येते तिची. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण?

रविवार, ११ मे

आज चक्की बंद. गायत्रीलाही सुट्टी. म्हणजे आज ती नक्की येणार. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, पिशवी भरून ओट्यावर बसलो. प्रत्येक काळीपिवळी थांबली की उभा राहिलो. एकीतून बकऱ्या उतरल्या.

दुपारी शेजारच्या बाई ताक न्यायला आल्या. माझ्याकडे बघून सासूबाईंना हळूच विचारलं, जवाईबोवा अजून इथेच? किती दिवस आहेत?

सासूबाई म्हणाल्या, न्यायला कोणी आलं की जातील.

शेवटची गाडी गेल्यावर पिशवी आत घेतली.