लिंबाला दिलेली भर

नाना, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की लिंबू उधईने, वाळवीने गेला. ते चूक आहे. उधई नव्हतीच. लिंबू माझ्या हातून गेला, आणि तोही तुम्हीच शिकवलेलं काम मी नको तिथे केलं म्हणून.

शाळेत जायला लागल्यावरही माझी खरी शाळा रावेरच्या केळीच्या बागेतच होती. तुम्ही ओळीच्या टोकाला बसायचात आणि मी वहीत टिपून आणायचे, कुठल्या झाडाला केळफुलाचं कमळ आलं, कुठलं वाकलं. एकदा उन्हाचा कंटाळा आला म्हणून शेवटची ओळ न पाहताच मी ‘बरोबर आहे’ असं लिहिलं. तुम्ही वही वाचलीत, माझा हात धरलात आणि तशाच उन्हात मला त्या ओळीत नेलंत. दोन झाडं घडासकट आडवी पडली होती. “तुले दिसलं ते लिव्ह पोरी, वाटलं ते लिव्हू नको,” एवढंच म्हणालात. आजही मी दाराला कुलूप लावून निघाल्यावर कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून पाहते, त्याचं मूळ बहुधा त्या ओळीत आहे.

धुळ्याला नोकरी लागली तेव्हा आईला सोबत आणलं, आणि तुमच्या लिंबाच्या फांदीवर बांधून मुळं फुटलेली गुटीही. घरामागे लहानशी जागा आहे. मी दिवसभर ऑफिसात, आईच्या गुडघ्यांना बादली उचलणं जमत नाही. रोज पाणी आणि निंदणी मागणार नाही अशी बाग हवी होती. जवळच्या लाकडाच्या वखारीत ढलप्यांचे ढीग पडलेले असतात. वखारवाले अण्णा म्हणाले, न्या ताई, लागतील तेवढी पोती न्या. मी आधी जमिनीवर जुने पुठ्ठे अंथरले, ओले केले आणि त्यावर ढलप्या पसरल्या. आईने मागचं दार उघडलं, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. “मी तुले सुताराच्या घरी देली का वं?” म्हणाली. पण आता तीच शेजारणींना बोलावून थर बाजूला करून दाखवते. बाहेर डोळे उघडवत नाहीत असं ऊन असतं, पाणी देऊन पाच दिवस झालेले असतात, आणि हात खाली घातला की माती गार, काळी, गांडुळांनी भुसभुशीत केलेली. गवत उगवतं तेही दोन बोटांनी निघतं. हे मी वाटतं म्हणून लिहीत नाही, रोज हात घालून पाहते.

चूक झाली ती लावतानाच. केळीच्या बुंध्याला भर द्यायची, म्हणजे माती चढवायची, म्हणजे झाड वाऱ्यात उभं राहतं, हे माझ्या हातांत इतकं बसलंय की लिंबालाही मी भर दिली. कढीपत्त्यालाही. खोडाभोवती गुडघाभर ढलप्या चढवल्या, वरून थापटल्या आणि छान दिसतंय म्हणून फोटो काढला. पावसाळ्यात लिंबू पिवळा पडला, पानं टाकली आणि वाळला. ढीग उकरला तर आत पांढरे धागे. मी तिथेच ठरवलं की उधई. तशीच वखारीत गेले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर अण्णांना बोलले की तुमच्या मालाने माझ्या वडिलांचं झाड खाल्लं. ते हातातली फळी खाली ठेवून म्हणाले, “ताई, मना मालमा उधई नही शे.” मी ऐकून घेतलं नाही. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवरही लिहिलं. माझं पाहून चार घरांनी ढलप्या नेल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या अण्णांच्या फाटकाशी नेऊन ओतल्या. तेव्हापासून आमच्या बाजूचं कुणी त्यांच्याकडे साधी फळीही घ्यायला जात नाही. आणि एकही किडा मी पाहिला नव्हता, नाना.

कढीपत्ता हिरवा होता म्हणून त्याच्या ढलप्या मी काढल्याच नव्हत्या; गेल्या महिन्यात तोही पिवळा पडायला लागला. या वेळी खाली बसून एकेक ढलपी बाजूला केली. खोडाची साल ओली होती, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी नखाने निघाली, आंबूस वास आला. तेच पांढरे धागे होते, बुरशीचे. उधई कुठेच नव्हती. मी खोडाभोवती वीतभर जागा मोकळी केली. तीन आठवड्यांत तांबूस कोंब फुटले. आता मला पक्कं कळलंय. ढलप्या मातीत मिसळायच्या नाहीत, वर चार बोटं पसरायच्या, आणि खोडाला श्वास घ्यायला वीतभर सोडायचं. केळीचा नियम केळीला.

आईला मी कालच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मले सांगून काय व्हते? त्या मानसाले सांग.”

हे पत्र वहीतच राहील, मागच्यासारखं. खरं सांगायचं तर तुमच्यापुढे कबूल करणं सोपं होतं, तुम्ही उलट विचारणार नाही, म्हणून अण्णांच्या आधी तुम्हाला लिहायला बसले. रविवारी आखाजी, अक्षय्य तृतीया आहे. गेलेल्या माणसांसाठी भरतात तशी आई तुमच्या नावाची घागर भरेल आणि तिच्यावर गोड सांजोरी ठेवायला मला बोलावेल. त्याआधी मला वखारीत जायचंय, गिऱ्हाइकं असतील तेव्हाच, आणि तिथूनच ग्रुपवर लिहायचंय. वखार नऊला उघडते. आखाजीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी तिथे असेन.