घुबडासमोर घेतलेलं नाव

चिडियाटापू, अंदमान
८ फेब्रुवारी

चि. काजल,

पोटभर आशीर्वाद. मी इथे ठणठणीत आहे. तू, जावईबापू आणि तुमच्या गॅलरीतली ती मरतुकडी तुळस, तिघंही बरी असाल असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नकोस. फोन बिघडलेला नाही. पण फोनवर तू "हं आई, बोल पटकन" म्हणतेस, आणि पटकन म्हटलं की माझं सगळं पोटातच राहतं. जन्मभर पोरांना शुद्धलेखन घातलं, तेव्हा बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं.

तू विचारलं होतंस, आई, समुद्र पाहिलास का? पाहिला. पण आमच्या मंडळींना समुद्राशी काही देणंघेणं नाही. सगळे पाठ समुद्राकडे आणि तोंड झाडाकडे करून उभे. लोक लांबलांबून इथे येतात ते या बेटांखेरीज जगात कुठेच नसलेली पाखरं बघायला. काल काळा सुतार दिसला, अंगानं कोळशासारखा आणि डोक्यावर लालभडक तुरा. इथला भारद्वाजही पाहिला. आपल्या बांधावरचा भारद्वाज दहादा धुऊन रंग उतरावा तसा फिका. पुण्याच्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्या कॅमेऱ्याची नळी एवढी मोठी की जीपमध्ये तिला तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसतात. माझ्याकडे तू दिलेली दुर्बीण. अण्णा गेल्यावर मी दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून तू ती आणून दिलीस आणि म्हणालीस, "आई, बघायचंच तर काहीतरी हलणारं बघ." बघते आहे बाई.

आपल्या जिल्ह्याचंही एकजण आहे इथे. नवापूरकडचे. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात एक्स-रे काढायचे, आता निवृत्त. त्यांची घरची बोली वेगळी, पण दवाखान्यात साऱ्या खान्देशची हाडं बघून अहिराणी छान येते. इंग्रजी नावांच्या या गर्दीत कुणीतरी "बाई, चहा पेवाना शे का?" असं विचारलं की बरं वाटतं. एवढंच. सोबतीला आपल्याकडचं माणूस आहे, तू काळजी करू नकोस म्हणून लिहिलं.

तू खोलीच्या रंगाचं विचारलंयस. पुण्यात माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, रंगारी येऊन बसलाय, फिका पिवळा की आकाशी ते आईनं सांगायचं, आणि उन्हाळ्यात गावचं घर बंद करून मी कायमची तिकडे यायचं. सगळं लक्षात आहे. त्याचं सावकाश सांगते. आज संध्याकाळी घुबड बघायला जायचंय.

तुझी,
आई

*

चिडियाटापू
९ फेब्रुवारी

चि. काजल,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. कालचं वाचून तुला सगळं गोडगोड वाटलं असेल, तर हे वाचताना आधी खाली बस.

"एकजण आहे इथे" असं लिहिलं ते अर्धंच खरं. ते इथे भेटले नाहीत. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तोरणमाळला भेटले. आमचा पाखरं बघणाऱ्यांचा गट रानपिंगळा बघायला गेला होता, तेव्हा. घाटात माझ्या पोटात ढवळलं तर त्यांनी खिशातून लवंग काढून दिली आणि पुढे तासभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. उलटी आवरणाऱ्या बाईशी बोलू नये एवढी अक्कल फार थोड्या माणसांना असते. तेव्हापासून गटाच्या प्रत्येक सहलीला मी जाते ती पाखरांसाठी, असं मी तुला सांगत आले. पाखरांसाठी जातेच. पण त्यांना बरं नसलं आणि ते आले नाहीत, की त्या दिवशी मला एक पाखरू धड ओळखू येत नाही. अंदमानला यायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

पण या दोन वर्षांत मी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. "ओ सर." आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. तुझ्या अण्णांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर उभ्या संसारात नाही. "अहो", "काजलचे अण्णा", नाहीतर नुसतं भांडं आपटायचं. संसार चांगला झाला माझा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते गेल्यावर एकदा वाटलं की रिकाम्या घरात त्यांना नावानं हाक मारून बघावी. लोटन. तेवढी तीन अक्षरं. जीभ उचललीच नाही.

आता कालचं सांगते.

इथे एक तपकिरी घुबड आहे, याच बेटांवर राहणारं. सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकलेला. खाडीच्या काठाला एका वाळक्या झाडावर ते दिवस मावळताना येतं. गाईडनं बजावलं होतं, कुणी अवाक्षर काढायचं नाही. मला वेगळं सांगायची गरज नव्हती. तुझी आजी, जसोदाबाई, तिन्हीसांजेला घुबड बोलायला लागलं की घरात कुणाचं नाव घेऊ द्यायची नाही. "ए पोरी", "ए भाऊ" असंच चालायचं. घुबड नाव ऐकतं, पाठ करतं, आणि ज्याचं नाव ते घोकतं तो माणूस उगाळलेल्या चंदनासारखा झिजत जातो. मी शाळेत विज्ञान शिकवलं, अंधश्रद्धेवर पोरांकडून निबंध लिहून घेतले. पण घुबड दिसलं की आजही माझे ओठ आपोआप मिटतात.

तर घुबड आलं. गोल डोळे करून आमच्याकडे बघू लागलं. सगळ्यांनी श्वास धरले, डॉक्टरबाईंनी नळी रोखली. मला नीट दिसावं म्हणून हे, आपले एक्स-रेवाले, डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकायला लागले. एक पाऊल, मग आणखी एक. मागे शेवाळलेला उतार, खाली खाडी, आणि खाडीच्या काठी मगरींची पाटी.

"दानियल! मांगे नका जाऊ!"

एवढ्या मोठ्यानं मी वर्गातसुद्धा कधी ओरडले नव्हते. ते जागच्या जागी थिजले. टाच काठावर आलेली. गाईडनं हात धरून पुढे ओढलं. आणि घुबड उडालं ते उडालंच, अंधार पडेपर्यंत परत आलं नाही. घुबडाचा फोटो कुणाकडेच नाही. डॉक्टरबाईंच्या कॅमेऱ्यात मी आले आहे, तोंड उघडं. बिचारीनं उलट मलाच पाणी दिलं.

मगर राहिली बाजूला, मी घुबडासमोर त्यांचं नाव घेतलं होतं. जीपजवळ ते आले आणि म्हणाले, "बाई, तुमले मन्हं नाव माहीत शे?"

"मस्करी नका करू," मी म्हटलं. "घुबडपुढे नाव लिधं मी तुमनं." आणि काजल, मी रडले. सगळ्यांदेखत.

ते हसले नाहीत. म्हणाले, "दानियल चर्चमधलं नाव शे. घुबड खुशाल पाठ करो. मन्ही आजीनी ठेयेल नाव येगळं शे. चिंधा." त्यांच्याआधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीनं फाटक्या चिंधीचं नाव ठेवलं, कुणाची नजर जाऊ नये, घुबडालाही घ्यावंसं वाटू नये. म्हणजे मी घुबडाला चुकीचं नाव सांगितलं होतं! रडता रडता मला हसू फुटलं.

मग ते खाली बघत म्हणाले, "ते नाव घरनाच माणसे लेतस. आते कोणी ऱ्हायनं नही लेवाले. तुम्ही लेशात का?"

ते नाव मी घेईन का! मी जीपमध्ये जाऊन बसले.

आज सकाळी सगळे नाश्त्याला बसले होते. ते खिडकीशी, बाहेर कुठलंसं कबुतर बघण्यात गढलेले, कप तसाच पुढ्यात. मी पोळीचा घास खाली ठेवला आणि म्हटलं, "चिंधा, चहा थंडा व्हई ऱ्हायना."

त्यांनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. बाकीच्यांना काही कळलं नाही. तुला कळावं म्हणून हे पत्र.

मला माहीत आहे, तुझ्या मनात आता काय काय येईल ते. वाहरूभाऊ, तुझे मोठे काका, गावच्या पारावर मान वर करून बसतात, ते काय म्हणतील? ते म्हणतील, पाटलाची सून, या वयात, आणि तेही डोंगरातल्या किरिस्तावाबरोबर. म्हणू देत. त्यांचा रविवार, माझी एकादशी. कुणी कुणाचं बदलायचं नाही, एवढं आमचं ठरलं आहे. कोर्टात जाऊन सही करू. गावचं घर मी बंद करणार नाही. थोडे दिवस तिथे, थोडे दिवस विसरवाडीच्या पुढे त्यांच्या घरी, जिथे अंगणातल्या मोहावर पाखरांची नुसती जत्रा असते.

भीती वाटते ती तुझ्या रागाची. तुला वाटेल, आईनं अण्णांना विसरून टाकलं. नाही गं. तोरणमाळला गाईडनं सांगितलं होतं, रानपिंगळा संपला असं शंभरावर वर्षं सगळे धरून चालले होते, आणि तो आपल्याच सातपुड्यात फांदीवर बसलेला होता. त्या दिवशी मी उगाचच डोळे पुसले होते. ह्यांनी ते पाहिलं होतं, हे मला काल कळलं.

मी परवानगी मागत नाही, पण तू यावंस असं फार वाटतं. सही करताना माझ्या बाजूला माझं माणूस हवं. तू ये.

दुर्बीण तू दिलीस, आता दिसलं ते ऐकून घे.

आणि खोलीचं. ती माझी कायमची खोली म्हणून रंगवू नकोस. मी येईन, दिवाळीला येईन, तुला बरं नसलं की धावत येईन, पण पाहुणी म्हणून. रंग तुला हवा तो दे. पलंग अजून घेतला नसशील तर मात्र जरा रुंद घे.

तुझी आई,
शोभा