ताऱ्याच्या जेटला विमान ठरवल्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
सोमधारा विद्या प्रसारक मंडळ,
कनेरगाव नाका, जि. हिंगोली

विषय : विज्ञान शिक्षिकेवरील शेरा रद्द करून दहावीचे तास परत देणेबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांची दि. ७ जानेवारीची नोटीस.

महोदय,

१) अर्जदार निता बाबूसिंग राठोड ही मंडळाच्या शाळेत नऊ वर्षांपासून विज्ञान शिकवते. दि. ५ रोजी तिने दहावीच्या वर्गात तक्ता लावून सांगितले, की सूर्याच्या कित्येक पट वजनाचा तारा जन्मत असताना भोवतालचा वायू ओढून घेतो व त्यातला काही दोन्ही ध्रुवांकडून झोताने, म्हणजे जेटने, बाहेर फेकतो. हा झोत भोवतालच्या वायूच्या ढगातील रेणूंवर आदळला की तिथल्या वायूला शॉक, म्हणजे जोराचा धक्का, बसतो. तो तापतो आणि चमकतो.

२) मुख्याध्यापक श्री. विश्वंभर पाठक यांनी दारातून अर्धेच ऐकले व शेरा मारला : 'ताऱ्यांतून जेट विमाने निघतात असे शिकवते.' नोटिशीत विचारणा आहे, की वर्गात वायूचे सिलिंडर कोणाच्या परवानगीने आणले व शॉक किती विद्यार्थ्यांना बसला. अर्जदाराने दोन पानी खुलासा दिला. तो न वाचताच तिचे तास काढून तिला खिचडीवर देखरेखीला बसवले. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना दहावीचे विज्ञान बंद आहे.

३) दि. १२ रोजी अर्जदाराचे वडील तांड्यावरून विनंती करायला आले. त्यांच्यादेखत मुख्याध्यापकांनी तक्ता फाडला. वडील म्हणाले, "सायेब, माही पोरगी खोटं शिकवत न्हाई. तुमी काहून फाडून राहिले?" उत्तर मिळाले, "तांड्यावरच्यांनी आम्हाला आकाश शिकवू नये." वडिलांनी खाली पडलेले तक्त्याचे तुकडे वेचून सोबत नेले. अर्जदार बाकी सारे विसरेल, हे विसरणार नाही.

४) दि. १५ रोजी आपण स्वतः "माफी लिहून द्या, मिटवून टाकू" असे सुचवले. त्या वेळी खुलासा आपल्या हातात उलटा होता, हे खेदाने नमूद करावे लागते. माफी लिहून दिली जाणार नाही.

५) आज आदेश मोडून अर्जदाराने दहावीचा तास घेतला. संपदा नावाच्या विद्यार्थिनीने विचारले, "बाई, वायू बाहेर फेकूनच राहिला, तर तारा मोठा होतो कसा?" गेल्या बारा दिवसांत हा प्रश्न मुख्याध्यापकांना, मंडळाला वा आपणांस पडलेला नाही. उत्तर सोमवारी पहिल्या तासाला दिले जाईल. अडवायचे असल्यास आपण त्याआधी यावे. ऐकायचे असल्यास मागच्या बाकावर जागा आहे.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
निता बाबूसिंग राठोड
दि. १७ जानेवारी २०२६

सोबत : नोटीस व खुलाशाची प्रत.