केळ्यातली रेष

८ जानेवारी, जळगाव
रेष आली! जिथे यायला हवी तिथेच, ठसठशीत. उंदराच्या मेंदूच्या रसात बीडीएनएफ आहे आणि नव्या अँटीबॉडीने ते धरलं. सरांनी फोटो खिडकीशी नेऊन बघितला. "प्रज्ञा, धुळ्याच्या परिषदेत पोस्टरवर हाच, मधोमध." माझं नाव पहिलं. असणारच, काम माझं आहे.
धुळ्याला घरी फोन. आबा दर वेळी विचारतात, तू करतेस काय नेमकं. परत सांगितलं: मेंदूच्या पेशींना जगवणारं, वाढवणारं एक प्रोटीन आहे, बीडीएनएफ. त्याच्यामागे हेर सोडायचा. हेर जिथे चिकटेल तिथे पडद्यावर रेष उमटते. हेर म्हणजे अँटीबॉडी.
आबा: "आनि हेरच खोटा निंघना तं?"
त्यांचं आपलं काहीतरी.

१२ जानेवारी
हर्षल फैजपूरहून केळ्याची फणी घेऊन आला. शेजारच्या टेबलावर बसतो, पालुपद एकच: आमच्या केळ्याने डोकं चालतं. त्याचं चालताना मी अजून बघितलेलं नाही. नमुने भरायच्या जेलमध्ये एक घर रिकामं होतं. आमच्या लॅबची रीत, घर रिकामं सोडायचं नाही, काहीतरी भरायचं. केळ्याचा गर वाटून भरला. उद्या दाखवते त्याला, केळ्यात किती डोकं आहे ते.

१३ जानेवारी
केळ्यात रेष आहे.
मेंदूच्या रेषेला लागून, त्याच उंचीवर. हर्षल नाचतोय. "मी काय सांगत होतो!" फोटो गावाकडे पाठवूनही झाला. मीही हसले. मग हसू गेलं. केळीला कुठला मेंदू? केळ्यात बीडीएनएफ असूच शकत नाही. मग अँटीबॉडीने धरलं काय? आणि मेंदूत जे धरलं, ते तरी बीडीएनएफ कशावरून?
सरांना सांगायला हवं.

१५ जानेवारी
सरांनी तिळगूळ दिला. गोड काही बोलले नाहीत.
"केळं हे काय कंट्रोल असतं का?"
"नसतं सर, तुलनेला केळं कोणी घेत नाही. पण रेष तर आहे."
"कोणी विचारणार नाही."
"मी विचारतेय ना."
तोंडातून निघून गेलं. हर्षल फ्रीजमध्ये डोकं खुपसून काहीतरी शोधत राहिला. सर म्हणाले, "बघ तुला काय बघायचं ते. पोस्टर थांबणार नाही."
राग आला. अजून आहे.

१८ जानेवारी
पहिली अँटीबॉडी घातलीच नाही. नुसती दुसरी घातली, जी पहिलीला धरून उजेड देते. मेंदूची रेष गायब. केळ्याची जशीच्या तशी! म्हणजे केळंच चिकट, येईल त्या अँटीबॉडीला धरून ठेवतंय. त्याची साक्ष बाद. हर्षलचं तोंड केळ्याच्या सालीसारखं पडलं.
सर खूश. "झालं समाधान? दे छापायला."
झालं, अर्धं. केळं खोटं ठरलं म्हणून मेंदूची रेष खरी ठरत नाही. पहिली अँटीबॉडी मेंदूतल्या कशाला तरी धरतेय, एवढंच कळलं. कशाला, ते कळायला हाताशी एकच उपाय. बीडीएनएफच्या ज्या तुकड्यावरून ही अँटीबॉडी बनवली, तो तुकडा आधी तिलाच चारायचा. पोट भरलं की पडद्यावरच्या बीडीएनएफला ती कशाला चिकटेल? रेष सगळी बीडीएनएफची असेल तर सगळी पुसली जाईल. तुकड्याच्या मागणीवर सरांनी सही केली, न वाचता. बरं झालं.

३० जानेवारी, बसमध्ये
तुकडा आला, प्रयोगही झाला, आणि आमचं फोटोचं मशीन नेमकं आजच बंद पडायचं होतं. परिषद उद्या. धुळ्याच्या कॉलेजात मशीन आहे, मैत्रीण तिथे शिकवते. ओले पडदे स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. शेजारी बसलेल्या अक्का मघापासून डब्याकडे बघताहेत. शेवटी विचारलंच, "काय शे वं डबामा? भरीत का?"
म्हटलं, मेंदू.
त्या खिडकीकडे सरकल्या.
मला खात्री आहे. पुसली जाणार.

३० जानेवारी, धुळे, घरी
उपाशी अँटीबॉडीची रेष ठसठशीत. पोट भरलेलीची
फिकी. गेलेली नाही. फिकी झालीये.
मैत्रिणीने परत फोटो काढला. तेच.
सरांना फोन. "गेली का?"
"अर्धी."
"पोस्टर छापून झालंय, प्रज्ञा."
"माहीत आहे सर. त्या फोटोवर मी हा नवा चिकटवते, दोन्ही पडद्यांचा. नाहीतर माझं नाव काढा."
"मी सकाळी येतोय. तोवर काही चिकटवू नकोस."
हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.
आबा दारातून ऐकत होते. "अर्धं तं खरं निंघनं ना, बेटा?"
निघालं. वाईट वाटतंय, ते वाटणारच, इतकी सुंदर रेष होती. पण अर्धी बीडीएनएफची आहे, हे आता कोणाच्याही तोंडावर सांगेन. उरलेली कोणाची, ते मला माहीत नाही, आणि तेही तसंच सांगेन. उद्यानंतर तीच शोधायची.
नवा फोटो मापात कापून ठेवलाय. डिंकाची बाटली पर्समध्ये. सर जळगावहून निघणार, मी इथून. सभागृह घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.