हे त्यायच्या घरी खातेत का?

माय, आज घरी भात केला आणि कुणीच खाल्ला नाही. तुझ्या नातवानं एक घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाला, "आई, याला वास येतो." मी रागावले नाही. मलाही येत होता. तांदूळ ऑफिसातून आणला होता, नमुन्याचा. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून तुला हे ठाऊक नाही: कुठल्या देशाला किती धान्य विकायचं, किती मदत म्हणून द्यायचं, हे जिथे ठरतं त्या सरकारी खात्यात मी आहे. समुद्रापलीकडच्या एका देशात पाऊस नाही, त्यांनी आपल्याकडे तांदूळ मागितलाय. आपल्या गोदामात नवा आहे आणि जुना, पिवळा पडलेलाही आहे. साहेब म्हणतात जुना पाठवा, तपासणीत खाण्यालायक ठरलाय, नवा बाहेर गेला तर इथले भाव चढतील. काल तर हसत म्हणाले, "उपाशी माणसाला रंग दिसतो का, मॅडम?" मी नमुन्याची पुडी पर्समध्ये टाकली. उद्या बैठकीत मला हो किंवा नाही म्हणायचंय, आणि दुपारपासून मी या घरात नुसती येरझारा घालतेय. बसले की उठावंसं वाटतं.

तुला आठवते का गं ती लाल ज्वारी? बहात्तरचा दुष्काळ. तू अनसिंगच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचीस आणि आल्यावर आपण दोघी रेशनच्या लाइनीत उभ्या राहायचो. वाशीमहून परदेशी मदतीची पोती आलेली, त्यांच्यावर तिकडची अक्षरं. दुकानदार मापानं ज्वारी ओततो आहे, आणि तू पदर पसरण्याआधी चार दाणे उचलून दातांखाली धरतेस. "दादा, हे त्यायच्या घरी खातेत का?" तो वैतागतो. "बाई, घ्याचं असन तं घे, मांगं लाइन हाय." "घेतोच ना भाऊ. इचारून राह्यली फक्त." मागच्या बाया हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटेत मी म्हटलं, "काहून इचारतं तू असं? फुकटच्या भावात देऊन राह्यले ते." तू थांबलीस. डोक्यावरचं गाठोडं एका हातानं धरून म्हणालीस, "धम्म घेतला तवापासून आपल्या घरात कोनाचं शिळं आलं नाई. हे शिळं हाय का नाई, येवढंच मले समजून घ्याचं व्हतं."

त्या ज्वारीची भाकर काही केल्या थापली जाईना. पीठ हातातच फुटायचं. शेवटी तू आधण ठेवून पीठ उकडून घेतलंस, जाड जाड भाकरी केल्यास, वर मिरचीचा ठेचा. पहिली मला दिलीस आणि चुलीपुढून माझ्या तोंडाकडे पाहत बसलीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला नोकरी लागल्यावर मिळालं. धान्याच्या व्यापारातला एक म्हातारा माणूस चहा पिता पिता सहज बोलून गेला: तिकडे ती ज्वारी जनावरांना घालतात. डुकरांना, गाईंना. चांगली पोसतात म्हणे. मी कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तू तेव्हा नव्हतीस, याचं त्या दिवशी बरंच वाटलं मला. राग कोणाचा करावा तेही कळेना. त्यांनी पाठवली नसती तर आपण काय खाल्लं असतं?

आणि आता पाठवणारी मी आहे. उद्या तुझाच प्रश्न विचारणार, अगदी तुझ्याच शब्दांत: हा तांदूळ आपण आपल्या घरी खातो का? डबा घेऊन जाणार आहे. हाच भात. साहेबांच्या पुढ्यात ठेवीन आणि म्हणेन, दोन घास घ्या. माझी बदली झाली तर होऊ दे. पण ते म्हणतील, ठीक आहे मॅडम, नव्याची मंजुरी काढू, तोवर जहाज थांबेल. किती थांबेल, कोण जाणे. मग मी काय बोलू? तू असतीस तर काय बोलली असतीस? तुझा तो ताठ चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि मला तुझी भीती वाटते, या वयातही.

कारण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. चुलीपुढून तू विचारलंस, "कशी लागते वं?" मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कडू." तुला तेच ऐकायचं होतं. तू मान हलवलीस, जरा हलकी झालीस. गोड लागली होती, माय. मला अजून एक पाहिजे होती.