उपाशी पोटी आलेली साखर

बों अक्योय, मंगळवार, जून १९८२

चोरून खाते म्हणे! कित्येक रात्री मी नुसतं पाणी पिऊन झोपले, तरी सकाळी रक्तात साखर जास्तच. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, मी चोरून खाते.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "काही खाल्लंच नाही, मग ही साखर आली कुठून?"

"तुमच्या यकृतातून," त्या म्हणाल्या. "पोट रिकामं असलं की यकृत स्वतः साखर बनवून रक्तात सोडतं. त्याला आवरतं ते इन्सुलिन. तुमच्यात ते कमी पडतंय. उपास सोडा, पिकिर घ्या, इन्सुलिनची सुई."

घरी येऊन तसंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सुई लागली म्हणजे माणूस संपला."

"आई, मी संपत होते ती उपाशी राहून."

नवऱ्याने तोंड फिरवून रेडिओ लावला. हेच जास्त लागलं का मला? असेल.

मग नर्सने शिकवल्याप्रमाणे, सासूबाईंच्या देखत, पोटात सुई टोचून घेतली. लगेच ताट वाढून डाळभात जेवले, पोटभर.

जेवता जेवता नवऱ्याला म्हटलं, "उद्यापासून सुई उकळून द्यायचं काम तुमचं."

तो नाही म्हणाला नाही.