हेवॉनच्या गोळ्या

ग्योंगथे,

मी सांगतेय आणि तुझी लेक हेवॉन लिहितेय. अक्षर तिचं, शिव्या माझ्या.

मनाच्या आजाराची नोंद राहिली तर पुढे तिला नोकरी मिळणार नाही, म्हणून तू तिच्या गोळ्या फेकल्यास आणि सोलला निघून गेलास. काल ती कपड्यांनिशी कमरेइतक्या समुद्रात उभी होती. "आजी, ते पाय माझे नव्हतेच," म्हणाली. "मग ओले मोजे कोणाचे धुऊ?" मी विचारलं. ती हसली नाही.

भेदरून आत्मा निसटतो, म्हणून इथे जेजू बेटावर करतात तसं देवऋषिणीने तिचा सदरा डोक्यावर धरून हाका मारल्या. आत्मा आला, पण राहिला नाही. गोळ्या देताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "आजी, त्याला ओढून आणणारी गोळी माझ्याकडेही नाही. या गोळ्यांनी भीती उतरते, झोप लागते, मग तिला बोलतं करता येतं. फक्त एकदम बंद करू नका."

मघाशी लिहिता लिहिता ती भिंतीकडे बघत राहिली. कितीतरी वेळ मी तिचे हात चोळले, तेव्हा परतली.

तुझी परवानगी मागायला हे पत्र सुरू केलं होतं. आता ते टपालात टाकत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत ही राहील का, ठाऊक नाही. सकाळच्या बसने आम्ही गोळ्या आणायला निघतोय.

तुझी अडाणी आई